नर्स प्रॅक्टिशनरची पहिली मुलाखत : अमेरिकेतील नवख्या उमेदवारांसाठी तयारीचा आराखडा

नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः रोगनिदान करून औषधे लिहिणारी उच्चशिक्षित परिचारिका, म्हणून पहिल्या मुलाखतीला जाणारी उमेदवार मुलाखतींना नवखी नसते. आरएन, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका, म्हणून तिने दोन-तीन रुग्णालयांत काम केलेले असते, रात्रपाळ्या काढलेल्या असतात आणि नव्या परिचारिकांना शिकवलेलेही असते. तरीही ही मुलाखत अनेकींना जड जाते, कारण समोरच्याला आता वेगळेच काही तपासायचे असते. आरएनच्या मुलाखतीत दिलेली ऑर्डर तुम्ही किती अचूकपणे आणि सावधपणे अमलात आणता हे पाहिले जाते. येथे ऑर्डर लिहिणारी व्यक्ती म्हणून तुमच्याकडे पाहिले जाते. रोगनिदानापर्यंत तुम्ही कशा पोहोचता, कोणत्या टप्प्यावर थांबून डॉक्टरांना विचारता आणि कोणत्या टप्प्यावर रुग्णाला थेट रुग्णालयात पाठवता, या तीन गोष्टींभोवती सारी मुलाखत फिरते. त्याच वेळी तुम्हीही एक गोष्ट तपासायची असते : पहिल्या वर्षी तुम्हाला शिकवण्याची या क्लिनिकची खरोखर तयारी आहे की नुसती रिकामी खुर्ची भरायची आहे. माझ्या मते पगारापेक्षाही हा प्रश्न मोठा आहे, आणि पुढील बरीचशी तयारी त्याच्याच अनुषंगाने करायची आहे.

भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअर आणि प्रसूती या क्षेत्रांसाठी नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रम आखलेले आहेत. परंतु या लेखातील तपशील अमेरिकेत एमएसएन (परिचर्येतील पदव्युत्तर पदवी) किंवा डीएनपी (परिचर्येतील डॉक्टरेट) पूर्ण करून फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एफएनपी, झालेल्या उमेदवारांसाठी आहेत.

आधी कागदपत्रे, मग राज्याचा कायदा

पदवी हाती येण्याच्या सुमारे सहा महिने आधीपासून अर्ज करायला सुरुवात करावी. प्रमाणपत्र परीक्षा दोन संस्था घेतात. अमेरिकन असोसिएशन ऑफ नर्स प्रॅक्टिशनर्सशी संलग्न मंडळाच्या परीक्षेनंतर नावापुढे एफएनपी-सी लागते, तर अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटरच्या परीक्षेनंतर एफएनपी-बीसी लागते. नोकरी देणाऱ्यांना सहसा दोन्ही चालतात, त्यामुळे या निवडीत आठवडे घालवू नयेत. परीक्षेची तारीख ठरलेली असेल तर ती अर्जात लिहावी. ‘लवकरच देणार आहे’ यापेक्षा ठरलेली तारीख केव्हाही विश्वासार्ह वाटते.

एनपीआय, म्हणजे आरोग्यसेवा देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक, विनामूल्य मिळतो, तो काढून ठेवावा. नियंत्रित औषधे लिहिण्यासाठी लागणाऱ्या डीईएच्या (केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण संस्थेच्या) नोंदणीचे शुल्क तीन वर्षांसाठी ८८८ डॉलर आहे. ती राज्याचा परवाना मिळाल्यावरच होते आणि त्या राज्यातील पत्त्याशी बांधलेली असते, शिवाय बऱ्याच ठिकाणी नोकरी देणाराच तो खर्च उचलतो. म्हणून नोकरी ठरण्यापूर्वी ती घाईने करू नये. मात्र जून २०२३ पासून या नोंदणीसाठी व्यसनविकारांच्या उपचाराचे आठ तासांचे प्रशिक्षण आवश्यक झाले आहे. तुमच्या अभ्यासक्रमात ते समाविष्ट होते का, हे महाविद्यालयाला विचारून त्याचे पत्र आताच घ्यावे.

राज्याचा कायदा न वाचता मुलाखतीला जाणे म्हणजे निम्मी तयारी सोडून देणे होय. अॅरिझोना, वॉशिंग्टन, ओरेगन अशा राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरांशी करार न करता स्वतंत्रपणे रुग्ण तपासू शकते. टेक्ससमध्ये औषधे लिहिण्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार लागतो, आणि शेड्यूल दोनमधील, म्हणजे व्यसनाचा धोका जास्त असलेली, औषधे तर रुग्णालय व हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांची सेवा) यांच्या चौकटीबाहेर लिहिता येत नाहीत. इलिनॉयमध्ये पूर्ण स्वातंत्र्यासाठी आधी ४,००० तासांचा अनुभव आणि २५० तासांचे पुढील शिक्षण लागते. कॅलिफोर्नियात २०२० साली मंजूर झालेल्या कायद्याने स्वतंत्र कामाचा मार्ग खुला केला, परंतु नव्या उमेदवाराला त्याआधी तीन वर्षे किंवा ४,६०० तास काढावेच लागतात. ज्या राज्यात अर्ज करत आहात तेथील नियम दोन वाक्यांत सांगता आले पाहिजेत. ‘आमच्या राज्यात तुम्हाला काय काय करता येईल असे तुम्हाला वाटते?’ हा प्रश्न सहज गप्पांच्या ओघात येतो, आणि तेथे अडखळलेली उमेदवार परवान्याची जबाबदारी कशी पेलेल, अशी शंका समोरच्याच्या मनात डोकावते.

बायोडेटात काय दाखवायचे

नव्या एफएनपीच्या बायोडेटात आरएनच्या कामाची लांबलचक यादी वर आणि क्लिनिकल रोटेशन (अभ्यासक्रमातील प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे प्रशिक्षण) तळाशी एका ओळीत, असे चित्र नेहमी दिसते. क्रम उलटा हवा. कोणत्या प्रकारच्या क्लिनिकमध्ये किती तास, कोणत्या वयोगटांतील रुग्ण, दिवसाला साधारण किती रुग्ण आणि स्वतःच्या हाताने केलेल्या कोणत्या प्रक्रिया, हे स्पष्ट लिहावे. टाके घालणे, गळू फोडून निचरा करणे, पॅप तपासणी, गुडघ्यात इंजेक्शन देणे यांपैकी जे नुसते पाहिले आहे आणि जे स्वतः केले आहे त्यांत फरक करावा. प्रिसेप्टरला, म्हणजे रोटेशनमध्ये शिकवणाऱ्या व्यक्तीला, विचारले की पाच मिनिटांत खरे काय ते कळते. रोटेशनच्या नोंदवहीतून हे आकडे काढताना रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील बायोडेटात किंवा बोलण्यात येता कामा नये. गोपनीयतेचा कायदा तुम्ही किती पाळता याची ती एक अप्रत्यक्ष परीक्षाच असते.

आरएनचा अनुभव झाकायचा नाही, तो नव्या कामाशी जोडायचा आहे. हृदयरोग विभागात चार वर्षे काढलेल्या परिचारिकेने ‘मी टेलिमेट्री सांभाळली’, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवले, एवढ्यावर थांबू नये. हृदय निकामी झालेला रुग्ण घरी गेल्यावर पुन्हा का दाखल होतो, हे आपण जवळून पाहिले आहे आणि क्लिनिकमध्ये त्याचे वजन, मीठ व औषधे यांवर लक्ष ठेवताना त्याचा उपयोग होईल, असे तिने सांगावे. मराठी, हिंदी किंवा गुजराती येत असल्यास तेही लिहावे. न्यू जर्सी, डॅलस किंवा बे एरियातील अनेक क्लिनिकांत मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा रुग्ण म्हणून येतात आणि त्यांच्या भाषेत बोलणारी व्यक्ती क्लिनिकला हवीच असते. भाषा येते म्हणून दुभाष्याचे बिनपगारी काम गळ्यात पडू नये, एवढे मात्र पाहावे.

रुग्णाचे उदाहरण : मुलाखतीचा गाभा

तयारीचा सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. मुख्य डॉक्टर एखादा रुग्ण तोंडी मांडतात आणि ‘तुम्ही काय कराल?’ असे विचारतात. उदाहरणार्थ : ५८ वर्षांची स्त्री, दहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह, मेटफॉर्मिन १,००० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४, रक्तदाब १५२/९४, ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ४८, आणि लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचे प्रमाण १८०.

घाबरलेली उमेदवार लगेच औषधाचे नाव सांगते. नाव बरोबर असले तरी विचार दिसत नाही, आणि गुण विचाराला असतात. सुरुवात रुग्णाकडून करावी : गोळ्या ती रोज घेते का, घेत नसेल तर खर्चामुळे की पोटाच्या तक्रारीमुळे, गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन चालू आहे का. रक्तदाब पुन्हा मोजेन आणि घरच्या नोंदी मागवीन, लघवीची तपासणी पुढील काही महिन्यांत पुन्हा करून खात्री करीन, असे सांगावे. मग उपचार. अल्ब्युमिन जात असल्यामुळे एसीई इनहिबिटर किंवा एआरबी (रक्तदाब कमी करून मूत्रपिंड जपणाऱ्या गोळ्या) सुरू करेन आणि एक ते दोन आठवड्यांत पोटॅशियम व क्रिएटिनिन पाहीन. मूत्रपिंडाच्या संरक्षणासाठी एसजीएलटी२ गटातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) औषधाचा विचार करेन, परंतु त्याआधी विमा ते देतो का, पूर्वपरवानगी लागेल का हे पाहीन आणि जननेंद्रियांच्या बुरशीसंसर्गाची, तसेच उलट्या-जुलाब होत असताना औषध थांबवण्याची माहिती तिला देईन. मेटफॉर्मिन या ईजीएफआरला चालू ठेवता येते, पण तो ४५ च्या खाली गेला तर मात्रा निम्मी करण्याचा विचार करावा लागेल. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू आहे का, डोळ्यांची व पायांची तपासणी झाली आहे का, हेही विचारेन. शेवटी सीमा सांगावी : ईजीएफआर ३० च्या खाली गेला, झपाट्याने घसरला किंवा अल्ब्युमिन ३०० च्या वर राहिले तर मूत्रपिंडतज्ज्ञांकडे पाठवीन.

हे उत्तर तोंडी द्यायला तीन मिनिटे लागतात. ते पाठ करू नये. पण आधी खात्री, मग उपचार, मग पाठपुरावा आणि शेवटी मर्यादा, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. उच्च रक्तदाब, दमा, नैराश्य, पाठदुखी, लहान मुलाचा ताप आणि कानदुखी, लघवीचा संसर्ग, थायरॉइड एवढे विषय याच क्रमाने मोठ्याने बोलून सराव करावा. मोठ्याने हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मनात नीट जुळलेले उत्तर इंग्रजीत बोलताना भलतीकडे जाते. मैत्रिणीला समोर बसवून मध्येच प्रश्न विचारायला सांगावे.

दुसऱ्या प्रकारचे उदाहरण मुद्दाम सापळा म्हणून असते. ‘पन्नाशीचा पुरुष क्लिनिकमध्ये आला आहे, अर्ध्या तासापासून छातीत दाब आहे आणि घाम फुटला आहे.’ येथे लांब विचार दाखवायचा नाही. दहा मिनिटांच्या आत ईसीजी, अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा धोका नसल्यास अॅस्पिरिन चावून खायला देणे, ९११ ला फोन, रुग्णाजवळून न हलणे आणि त्याच वेळी डॉक्टरांना बोलावणे, बस्स. ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची रक्ततपासणी) क्लिनिकमधून बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवून निकालाची वाट पाहीन, असे जी उमेदवार म्हणते तिची मुलाखत बहुधा तेथेच संपते. आणि ज्याचे उत्तर येतच नाही अशा प्रश्नाला ‘मला खात्री नाही, मी अमुक ठिकाणी पाहीन आणि रुग्ण क्लिनिकमध्ये असेपर्यंत डॉक्टरांशी बोलेन’ असे सरळ सांगावे. नव्या उमेदवाराकडून सर्वज्ञतेची अपेक्षा कोणीच करत नाही, परंतु न येणारे उत्तर रेटून देणारी व्यक्ती त्यांना नको असते.

स्वतःविषयी बोलताना

येथे आपल्याकडच्या सवयी आडव्या येतात. आपल्या वॉर्डात ‘डॉक्टर सांगतील तसे करीन’ हे सभ्य उत्तर मानले जाते. या मुलाखतीत तेच उत्तर तुम्हाला मागे टाकते. ‘मी अमुक ठरवेन आणि अमुक परिस्थितीत डॉक्टरांचे मत घेईन’ असे म्हणण्यात उद्धटपणा नाही. तसेच ‘आम्ही केले’, ‘आमच्या टीमने सांभाळले’ असे बोलण्याची आपल्याला सवय असते. नम्रता म्हणून ते ठीक आहे. पण मुलाखत घेणाऱ्याला त्यातून तुमचा वाटा कळत नाही. प्रसंग सांगताना परिस्थिती काय होती, तुमच्याकडे काय जबाबदारी होती, तुम्ही नेमके काय केले आणि पुढे काय झाले, अशा चार पायऱ्या ठेवाव्यात. तिसरी पायरी ‘मी’ने सुरू व्हावी आणि सर्वांत लांब असावी. असे पाच-सहा प्रसंग तयार ठेवले की बहुतेक प्रश्नांना पुरतात : डॉक्टरांशी मतभेद, चिडलेले नातेवाईक, वेळेत लक्षात आलेली चूक, नकार द्यावा लागलेली मागणी. शेवटच्यासाठी ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामक) गोळ्यांची किंवा विषाणूजन्य सर्दीला अँटिबायोटिकची मागणी हे विषय हमखास निघतात.

‘नर्स प्रॅक्टिशनरच का?’ या प्रश्नाला ‘सेवा करायची आहे’ हे उत्तर प्रत्येक जण देते. त्याऐवजी क्लिनिककडे वळावे. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी हा पेशा सुरू केला तो डॉक्टरांची वानवा असलेल्या ठिकाणच्या मुलांसाठी. तुम्ही ज्या क्लिनिकमध्ये बसला आहात तेथे कोण रुग्ण येतात, त्यांना कशाची वानवा आहे, आणि तुमच्या कोणत्या कामाचा त्याच्याशी संबंध आहे, एवढे बोलावे. त्यासाठी क्लिनिकचे संकेतस्थळ आदल्या रात्री नव्हे, अर्ज करतानाच वाचलेले असावे.

लग्न, मुले, मूळ देश यांविषयी प्रश्न सहसा विचारले जात नाहीत आणि विचारू नयेत असाच संकेत आहे. कोणी विचारलेच तर वाद न घालता ‘कामाच्या वेळा पाळण्यात मला अडचण नाही’ असे म्हणून पुढे जावे. मात्र काम करण्याची परवानगी आहे का आणि आता किंवा पुढे व्हिसासाठी प्रायोजकत्व लागेल का, हे ते विचारू शकतात. याचे उत्तर पहिल्याच फोनवर खरे द्यावे. एच-१बी व्हिसा लागणार असेल तर विद्यापीठाशी संलग्न विनानफा रुग्णालये आधी पाहावीत, कारण त्यांना वार्षिक कोट्याची मर्यादा नसते.

तुम्ही विचारायचे प्रश्न

‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ यावर ‘नाही, सर्व समजले’ म्हणणे हा भिडस्तपणा महागात पडतो. पहिल्या आठवड्यात, पहिल्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात दिवसाला किती रुग्ण ठेवले जातील? सुरुवातीला आठ-दहा आणि हळूहळू वाढ, असे उत्तर आले तर कोणीतरी विचार केलेला आहे. ‘जमेल तसे बघू’ असे उत्तर आले तर तिसऱ्या आठवड्यात वीस रुग्ण समोर असतील असे समजावे. डॉक्टर त्याच इमारतीत असतात की फोनवर? माझ्या नोंदी कोण वाचेल आणि किती वेळा? प्रयोगशाळेचे अहवाल आणि रुग्णांचे संदेश पाहायला वेगळा वेळ राखलेला आहे की ते घरी रात्री जेवणानंतर करायचे? प्रत्येक तपासणाऱ्यामागे किती मेडिकल असिस्टंट आहेत?

आणि सर्वांत उपयोगाचा प्रश्न : या जागेवर आधी कोण होते आणि ते का गेले? उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहावा. तेथे काम करणाऱ्या दुसऱ्या नर्स प्रॅक्टिशनरशी डॉक्टर नसताना बोलायला मिळेल का, आणि अर्धा दिवस तिच्यासोबत थांबता येईल का, असे जरूर विचारावे. याला नकार देणाऱ्या क्लिनिकविषयी मी तरी पुन्हा विचार करीन.

ज्यांना असा आधार मिळण्याची खात्री हवी आहे त्यांनी रेसिडेन्सी किंवा फेलोशिपचाही (पदवीनंतरच्या पगारी प्रशिक्षण कार्यक्रमाचाही) विचार करावा. प्राथमिक आरोग्यसेवेतील पहिला असा कार्यक्रम २००७ साली कनेक्टिकटमधील कम्युनिटी हेल्थ सेंटर या संस्थेने सुरू केला. साधारण बारा महिन्यांच्या या काळात पगार कमी असतो, परंतु शिकवणे ही तेथे मेहेरबानी नसून कामाचाच भाग असते. शासकीय मदतीवर चालणाऱ्या आरोग्य केंद्रांत शैक्षणिक कर्ज फेडून देण्याच्या नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरच्या योजनाही लागू होतात. त्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागते, ग्रीन कार्ड पुरत नाही.

पगार आणि करार

आकडा प्रथम तुम्ही सांगू नये. पण मनात मात्र ठरलेला असावा. कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा मध्यम वार्षिक पगार १,२६,२६० डॉलर होता. त्यात अनुभवीही आले, आणि राज्याराज्यांत मोठा फरक आहे, म्हणून आपल्या शहरातील नव्या उमेदवारांचे आकडे महाविद्यालयातील आधीच्या तुकडीकडून मिळवावेत. क्लिनिकचे गणितही समजून घ्यावे. नर्स प्रॅक्टिशनरच्या स्वतःच्या क्रमांकावर बिल गेले तर मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के देते. तुमचे काम डॉक्टरांच्या नावावर बिल केले जाणार असेल तर त्याचे नियम काटेकोर आहेत, आणि ते पाळले जातात का हे विचारण्यात काहीच गैर नाही.

करार हाती आल्यावर घरी नेऊन वाचावा. वैद्यकीय चुकीच्या दाव्यांपासून संरक्षण देणाऱ्या विम्याचे कलम सर्वांत आधी पाहावे. ऑकरन्स प्रकारच्या विम्यात घटना घडली तेव्हा विमा चालू असला की पुरे. दावा दहा वर्षांनी आला तरी संरक्षण मिळते. क्लेम्स-मेड प्रकारात दावा येतो तेव्हाही विमा चालू असावा लागतो. म्हणजे नोकरी सोडल्यानंतर जुन्या रुग्णाने दावा केला तर तुम्ही उघड्यावर पडता, आणि ते टाळण्यासाठी टेल नावाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. त्याची किंमत वार्षिक हप्त्याच्या दीड ते दोन पट असू शकते. ती कोण भरणार हे करारात लिहिलेले नसेल तर ती तुम्हीच भरणार, असे धरून चालावे आणि लिहून मागावे.

त्याखालोखाल नोकरी सोडल्यावर आसपास काम न करण्याची अट येते. कॅलिफोर्नियात आणि आणखी काही राज्यांत अशा अटी रद्दबातल ठरतात, पण सर्वत्र तसे नाही. दहा मैल आणि एक वर्ष हे एखाद्या छोट्या गावात निभते, पण ज्या महानगरात मुलांची शाळा आणि नवऱ्याची नोकरी आहे तेथे तेच कलम घर हलवायला लावते. रुजू होताना मिळणारा बोनस किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो, आणि दोन्ही बाजूंना किती दिवसांची सूचना लागते, हेही पाहावे. मुलाखतीत तोंडी कबूल केलेले सर्व, म्हणजे रुग्णसंख्येची हळूहळू वाढ, आठवड्याचा राखीव वेळ, डॉक्टरांसोबतची नियमित बैठक, हे करारात किंवा त्याच्या जोडपत्रात आणून घ्यावे. नोकरीच्या करारांचे काम करणाऱ्या वकिलाला काही शे डॉलर देऊन तो वाचून घेणे परवडते.

मुलाखतीनंतर चोवीस तासांत प्रत्येकाला वेगळा, दोन-चार ओळींचा आभाराचा ईमेल पाठवावा आणि त्यात त्या व्यक्तीशी झालेल्या एखाद्या मुद्द्याचा उल्लेख करावा. होकार आल्यावर विमा कंपन्यांकडे नाव नोंदवण्याची प्रक्रिया सुरू होते आणि तिला तीन-चार महिने सहज लागतात. त्या काळात पगार सुरू होतो की नाही, हे लेखी विचारावे. आरएनच्या नोकरीचा राजीनामा राज्याचा परवाना हाती येऊन रुजू होण्याची तारीख ईमेलवर कायम होईपर्यंत देऊ नये, आणि शक्य असेल तर दिवसाप्रमाणे बोलावणाऱ्या पर्-डीएम यादीत नाव राहू द्यावे.